विहिरीत शिकलायस व्हय?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. परीक्षा नुकतीच संपली होती आणि नव्या सेमिस्टरच्या सबमिशनचं भूत अजून मानगुटीवर बसायचं होतं. रविवारी पहाटे आम्ही पाच जण तीन गाड्या काढून पुण्याच्या पश्चिमेला एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. हवा अशी होती की गाडी थांबवल्यावरही बोटं हँडल सोडायला तयार नव्हती. पाण्यावर वाफेसारखं धुकं तरंगत होतं. माझ्या रूम पार्टनरने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात पाय घातला आणि ओरडला, "अरे गरम आहे! कुणीतरी गिझर लावून ठेवलाय!"

पार्टनर सातारा जिल्ह्यातला. सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून चुलत्यांनी विहिरीत ढकललं, तेव्हापासून पोहतोय. सूर, मुटका, बुडी मारून तळातला दगड आणणं, सगळं येतं. त्यामुळे तो कपडे काढून समोरच्या टेकाडाकडे निघाला तेव्हा आम्हाला काळजी वाटली नाही, फोटो काढायचे होते एवढंच. अंतर असेल शंभर-दीडशे मीटर. (नंतर नकाशावर मोजलं तर तीनशेच्या वर भरलं. पाण्यावरचं अंतर डोळ्याला कमीच दिसतं.) तो आरामात पोहोचला, टेकाडावर चढून पंधराएक मिनिटं बसला, हात हलवले, पोझ दिल्या. तोवर ऊन आलं होतं आणि वाराही सुटला होता. मग तो परत निघाला.

अर्ध्या वाटेवर त्याचे हात आखूड पडायला लागले. आम्हाला वाटलं, दमला असेल. मग हात दिसेनासे झाले, फक्त डोकं दिसत होतं, तेही मागे कललेलं. तो ओरडला नाही, हात वर केला नाही. सिनेमात बुडणारा माणूस 'वाचवा वाचवा' म्हणतो, प्रत्यक्षात त्याला श्वास घेतानाच मारामार असते. आम्ही काठावरून "काय रे, झाला का दम?" असं हसत विचारत होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

जाळं काढायला आलेल्या एका काकांनी होडी वळवली, वल्हं त्याच्यासमोर धरलं आणि त्याला तसाच ओढत काठाला आणलं. अर्धा तास त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "विहिरीत शिकलायस व्हय?" त्याने मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाले आणि जाळ्याकडे परत गेले.

आम्हा पाचही जणांना हा प्रश्न चावत राहिला. त्यांना कळलं कसं? विहिरीत शिकलेला मुलगा तळ्यात फसतो, असं काय आहे तिथे? खोली, लाटा, गाळ ही उत्तरं आहेतच. पण त्या दिवशी लाटा किरकोळ होत्या आणि गाळात पाय गेला नव्हता. आम्ही थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर हे दोन्ही विषय पास (कसेबसे) झालेली मंडळी. थोडं वाचलं, थोडं गणित केलं, तेव्हा लक्षात आलं की उत्तर बरंचसं तापमानात आहे.

आधी विहीर घेऊ, कारण आपल्यापैकी निम्मे तिथेच शिकलेत. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार असतं हे आजीपासून सगळे सांगतात. पाणी मात्र वर्षभर जवळपास त्याच तापमानाचं असतं, बदलते ती बाहेरची हवा. जमिनीचा पृष्ठभाग मे महिन्यात तापतो, जानेवारीत निवतो. ही वर्षाची लाट जमिनीत खाली उतरते, पण माती-मुरमाचा उष्णता पुढे सरकवण्याचा वेग इतका कमी आहे की साधारण दर दोन मीटरला ती जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. सहा-सात मीटर खाली गेलात की वरच्या चढउताराचा विसावा हिस्सासुद्धा उरत नाही. तिथे तापमान असतं ते वर्षाच्या सरासरीचं, आपल्या दख्खनवर ढोबळमानाने पंचविशीच्या आसपासचं. विहिरीला तेच झऱ्याचं पाणी येतं. भोवती दगडी भिंत, वारा नाही, ऊन आत शिरतं ते दुपारी तासभर. म्हणजे विहीर हा एक थर्मोस्टॅट लावलेला हौद आहे. त्यात शिकलेल्या पोराला 'पाणी' म्हणजे बारा महिने एकसारखी गोष्ट वाटते. शिवाय कुठेही असला तरी काठ चार हातांवर.

तळ्याला यातलं काही नाही. ते उघड्यावर पडलेलं असतं. ऊन, वारा, ढग, नदीचा पूर, जो येईल तो त्याच्याशी खेळतो. आणि मुख्य म्हणजे ते वरून तापतं.

वरून तापणं म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. बादलीत कॉइल अर्धीच बुडवून ठेवली की काय होतं? (रेक्टर सर, हे उदाहरण ऐकीव माहितीवर आधारित आहे.) वरचं पाणी चटका देतं आणि तळाचं बर्फ असतं. मगने ढवळल्याशिवाय आंघोळ करता येत नाही. कारण गरम पाणी हलकं, ते वरच राहतं, आणि पाण्यातून नुसत्या वहनाने उष्णता खाली जायला दिवसच्या दिवस लागतात. तळं ही अशीच बादली आहे. सूर्यप्रकाशातल्या उर्जेचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्या मीटरभरातच शोषला जातो. पाणी गढूळ असेल तर त्याहून वर. ढवळणारा मग म्हणजे वारा.

दहावीला 'पाण्याचे असंगत आचरण' आणि होपचं उपकरण पाठ केलेलं आठवत असेल. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड, म्हणून थंड देशात तळी वरून गोठतात आणि मासे खाली जिवंत राहतात. पाच मार्कांचा प्रश्न. पण त्याच आलेखाचा उजवा भाग, जो आपल्या हवामानाचा आहे, तो कुणी शिकवत नाही. ४ अंशांचं पाणी ९ अंशांवर नेलं तर घनमीटरमागे वजनात फरक पडतो फक्त ०.२ किलोचा. २५ चं ३० वर नेलं तर फरक पडतो १.४ किलोचा. पाचच अंश, पण सातपट! म्हणजे युरोपातल्या वसंतातल्या तळ्यात वरखाली पाच अंशांचा फरक असला तर वारा तो सहज ढवळून टाकेल. आपल्याकडे मे महिन्यात तेवढाच फरक असेल तर वरचं पाणी खालच्यावर झाकणासारखं बसतं आणि वाऱ्याला दाद देत नाही. पुस्तकात तापमान झपाट्याने उतरणाऱ्या या मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आपल्याकडचे फरक आकड्याने लहान असतात, पण थर पक्के असतात.

मग उन्हाळ्यात तळं उकळत का नाही? हवा ४० ला पोचते, पण मोठ्या जलाशयाचं वरचं पाणी तिशीच्या थोडंफार पुढेमागेच राहतं. इथे एक हिशोब करण्यासारखा आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला साधारण २४ मेगाज्यूल ऊन पडतं. दिवसाला साडेसहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते असं धरलं, तर प्रत्येक चौरस मीटरवरून साडेसहा किलो पाणी जातं आणि जाताना किलोमागे २.४ मेगाज्यूल घेऊन जातं. म्हणजे जवळजवळ १६ मेगाज्यूल! आलेल्या उन्हाचा दोन-तृतीयांश नफा बाष्पीभवनानेच खाल्ला. धरणाचं पाणी आटतं म्हणून आपण हळहळतो, पण तळं स्वतःला गार ठेवतं ते याच घामावर. माठ आणि तळं यांचं तत्त्व एकच.

आता वर्षभराचा फेरा पाहू. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाचं ऊन वाढतं, वरचं पाणी तापायला लागतं, पण खाली अजून हिवाळाच साठलेला असतो. एप्रिल-मे हा थरांचा खरा मोसम. तुम्ही पाय बुडवता ती वरची हातभर साय, दुपारी तर कोमट. बुडी मारलीत की पोटाला, मग छातीला अचानक गार पट्टा लागतो. तो किती खोलीवर लागेल हे तळ्याच्या आकारावर असतं. उजनीसारखा पसरट, वाऱ्याला मोकळा जलाशय बराच ढवळला जातो. कोयनेचं शिवसागर मात्र डोंगरांच्या मधल्या दरीत भरलेलं पाणी, धरणच १०३ मीटर उंच. अशा ठिकाणी तळाचं पाणी वरच्या उन्हाळ्याची खबरही नसल्यासारखं पडून राहतं.

पण सगळ्यात पक्के थर कुठे असतील तर दगडाच्या खाणीत. शहराच्या कडेला, आणि अनेक कॉलेजांच्या मागच्या टेकडीला, अशा जुन्या खाणी पाण्याने भरून असतात. तोंड लहान, कडे उभे, खोली तीन-चार मजल्यांची. वारा आत पोचतच नाही, मग ढवळणार कोण? वर ३० अंशांचं निवांत हिरवं पाणी आणि काही हातांवर कित्येक अंशांनी गार, काळोखं पाणी. मे महिन्यात, दुपारी, तापलेल्या अंगाने वरच्या दगडावरून उडी घेतली की पाय पहिल्या सेकंदातच तो वरचा थर ओलांडून जातात. खरं सांगायचं तर हे गार पाणी माणूस मारण्याएवढं गार नसतं. पण दचकून तोंड उघडायला ते पुरतं, आणि तोंड उघडतं ते पाण्याखाली. वर यायला धरायला काठ नाही, कडा उभा आणि शेवाळलेला. खाणीला लोक मोठी विहीर समजतात. विहिरीला पायऱ्या असतात, एवढं तरी लक्षात घ्यावं.

जूनमध्ये सगळं उलटंपालटं होतं. ढग येतात, जोराचा वारा सुटतो, आणि नदी पहिलं गढूळ पाणी आणते. हे पाणी पावसाने गारही असतं आणि गाळाने जडही. लिटरमागे एक ग्रॅम गाळ मिसळला तर घनमीटरचं वजन ०.६ किलोने वाढतं, म्हणजे पाणी दोन-सव्वादोन अंशांनी थंड केल्यासारखंच. त्यामुळे पुराचं पाणी तळ्यात शिरताना पुष्कळदा वर पसरत नाही, खाली बुडी मारून जुन्या नदीच्या पात्रातूनच तळाने पुढे सरकतं. वरून पाहणाऱ्याला तळं शांत दिसतं. जुलै-ऑगस्टबद्दल तापमानाच्या लेखात लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा पाण्यात उतरूच नये, कारण तेव्हा प्रश्न गार-गरमचा नसून ओढीचा असतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात बरा काळ. तळं भरलेलं, गाळ खाली बसत चाललेला, ऑक्टोबर हीटने वरचं पाणी पुन्हा सुखद झालेलं आणि थर अजून फार कडक नसलेले. नोव्हेंबरपासून रात्री लांबतात, वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली बुडतं, त्याच्या जागी खालचं वर येतं. असं करत करत सगळं तळं वरपासून खालपर्यंत एकच होतं. बादली ढवळली जाते. उन्हाळाभर तळाशी कोंडलेलं, प्राणवायू संपलेलं पाणीही यात वर येतं, म्हणून थंडीत काही तळ्यांना सडक्या अंड्यासारखा वास मारतो आणि मासे वर तोंड काढून हवा घेतात. नैनीतालचा तलाव याच जातीचा, वर्षातून एकदा, थंडीत ढवळला जाणारा. त्याच्या तळातलं पाणी इतकं निःसत्त्व झालं होतं की २००७ पासून तिथे नळ्या टाकून तळाशी हवा सोडावी लागली.

आता आमच्या जानेवारीकडे येऊ. पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा, हे वाक्य आपण इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा अर्थ गेलाय. सारख्याच आकारमानाच्या पाण्याला एक अंशाने थंड करायला हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता काढावी लागते. म्हणून पहाटे हवा १० वर आली तरी तळं विशीच्या खाली सहसा उतरत नाही. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठावर, बोटी लावायच्या जेटीवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. जेटीवर हिमकण असतात आणि खालचा तलाव मात्र द्रवच असतो. ते धुकंसुद्धा त्याचंच लक्षण. कोमट पाण्याची वाफ गार हवेत लगेच थिजते. पार्टनरच्या पायाला पाणी 'गरम' लागलं कारण पायाने तुलना केली ती हवेशी. आपल्या कातडीत थर्मामीटर नाही, तिथे फरक सांगणारं यंत्र आहे.

शरीराने मात्र तुलना करायची असते ती ३७ शी. पाण्यात स्वस्थ पडून राहिलं तर अंगातली उष्णता कायम टिकायला पाणी ३३ ते ३५ अंश लागतं. त्याखालच्या कुठल्याही पाण्यात आपण तोट्यात असतो, फक्त तोट्याचा वेग बदलतो. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या तेवीसपट. शिवाय पोहताना अंगाला चिकटलेला कोमट थर सतत धुऊन जातो. शर्यतीच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, ते जोरात पोहणाऱ्याच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेचा हिशोब करून. एकवीस-बावीस अंशांच्या पाण्यात मेसचं जेवून वाळलेला, अंगावर चरबी नसलेला मुलगा दहा मिनिटांत तीनशे मीटर गेला, इथवर ठीक होतं. पुढची चूक पाण्यात झालीच नाही, ती टेकाडावर झाली. ओल्या अंगाने तो पंधरा मिनिटं वाऱ्यात बसला. अंगावरचं १०० मिलिलिटर पाणी वाळलं असं धरा. त्याला लागतात सुमारे २४० किलोज्यूल. ते सगळे अंगातूनच गेले, तर ६० किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरवायला पुरतात. सगळे अंगातून जात नाहीत, थोडी उष्णता हवाही देते, आणि शरीर आतून भर घालत असतं. पण दिशा कळते. शरीर अशा वेळी हुशारी करतं. मेंदू-हृदय वाचवायला हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं. म्हणजे पोहायला जे लागतं तेच आधी बंद होतं. बोटं एकमेकांपासून फाकतात, हात पाणी धरत नाही, पिंडरीत गोळा येतो. माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी त्याचं पोहणं मरतं. आणि हे सगळं होताना त्याला फारशी थंडी वाजत नाही, निदान पार्टनर तरी शपथेवर सांगतो की त्याला फक्त हात 'दुसऱ्याचे' वाटत होते.

विहिरीत हे कधीच घडत नाही, कारण हात आखडायला लागले की माणूस पायरी धरून बसतो. थकव्याचा आणि गारठ्याचा हिशोब ठेवायची सवयच लागत नाही. काकांनी हेच पाहिलं असणार: पोराला पोहता येतंय, पण परत यायचं कसं हे ठरवून तो गेलेला नाही.

याहून थंड पाण्याची गोष्ट वेगळीच. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की छाती स्वतःहून मोठा श्वास ओढते, थांबवता येत नाही, आणि पहिलं मिनिट नुसतं श्वास ताब्यात आणण्यात जातं. थंड पाण्यावर संशोधन करणारे कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त '१-१०-१' असा हिशोब सांगतात: एक मिनिट श्वासाला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. इंडस्ट्रियल टूरला मनालीला जाऊन बियास नदीत 'फक्त एक डुबकी' मारणाऱ्यांनी पहिला आकडा लक्षात ठेवावा. एमएस करायला शिकागोला गेलेल्या सीनियर्सनाही तो लागू आहे. तिथे जूनमध्ये हवा ३० ला पोचते, पोरं मिशिगन तलावावर धावतात, आणि पाणी महिन्याच्या सुरुवातीला १५ च्या आसपास किंवा खालीच असतं. एवढं मोठं पाणी हवेच्या मागे महिना-दोन महिने रेंगाळतं, त्याचा उन्हाळा ऑगस्टमध्ये येतो. त्यातून किनाऱ्याकडून तळ्याकडे वारा वाहिला तर वरची कोमट साय ढकलली जाते, खालचं गार पाणी वर येतं आणि कालचं तापमान आज कित्येक अंशांनी पडतं. कालच्या अनुभवावर आज उडी मारायची सोय नाही.

आणि कोमट पाणी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे दहा किलोमीटरच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. जगातल्या उत्तम पोहणाऱ्यांपैकी तो एक. पाणी फार गरम होतं. पोहताना निघणारी उष्णता अंगाबाहेर जायला वाटच मिळत नाही, घामही पाण्यात कामाचा नाही. त्यानंतर अशा शर्यतींसाठी १६ च्या खाली आणि ३१ च्या वर पाणी नको, असा नियम आला. मे महिन्यात दुपारी उथळ पाझर तलावाचं वरचं पाणी या ३१ ला सहज शिवू शकतं.

भारतात २०२२ या एका वर्षात ३८ हजारांच्या वर माणसं बुडून गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यातली फार थोडी तापमानाने गेली असतील. बहुतेकांना पोहताच येत नव्हतं, किंवा पूर होता, किंवा वाचवायला उडी मारणाराही बुडाला. शेवटच्या प्रकाराबद्दल एकच सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी तीन गाड्यांवर मिळून एकही दोरी नव्हती. रिकामा पाच लिटरचा कॅन घट्ट झाकण लावून दोरीला बांधला की जवळच्या माणसाला फेकायला पुरतो. आता तो आमच्या डिकीत असतो. त्याखेरीज आम्ही एवढंच पाळतो की काठाला समांतर पोहायचं, समोर नाही. छातीभर पाण्यातच, तेही जिथे उतरायची परवानगी आहे तिथे. आणि बाहेर आलो की आधी अंग पुसायचं, फोटो नंतर.

मे महिन्यात पार्टनरच्या गावी गेलो तेव्हा एक प्रयोग केला, तो इथे सांगतो, कारण खर्च शून्य आहे. जाड काचेच्या बाटलीला खाली दगड बांधायचा, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. बाटली हव्या त्या खोलीला सोडायची, बुचाची सुतळी हिसकायची, बुडबुडे थांबले की झरझर वर ओढायची आणि लगेच थर्मामीटर घालायचा. गावच्या पाझर तलावात बांधावरून चार मीटर खालची बाटली वर आली तेव्हा थर्मामीटर घालायच्या आधी पार्टनरने तिला हात लावला आणि पटकन काढून घेतला. वरच्या पाण्यात आम्ही दोघं तेव्हा अर्धा तास पाय सोडून बसलो होतो. त्याच्या विहिरीतही थोडा फरक मिळाला, पण फार नाही. रीडिंग घेताना बाटली पुरेशी वेगाने ओढली का याबद्दल आमच्यात वाद आहे, म्हणून आकडे छापत नाही. ज्यांना करून पाहायचंय त्यांनी बोटीतून, लाइफ जॅकेट घालून करावा आणि थर्मामीटर लॅबमधून रीतसर सही करून न्यावा.

त्याआधी फेब्रुवारीत आम्ही काकांना भेटायला त्याच बॅकवॉटरला गेलो होतो. दुपारचे अकरा, ऊन चांगलं तापलं होतं, हवेत थंडीचा मागमूस नव्हता. पार्टनरने विचारलं, "काका, आज उतरू का?" काकांनी आमच्यासारखा पाय बुडवला नाही. होडीच्या कडेवरून वाकून हात कोपराच्याही वर, पार दंडापर्यंत पाण्यात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग झटकून म्हणाले, "आजून पंधरा दीस थांबा. खाली लई गार हाय."

आम्ही भेळ आणली होती. ती काठावर बसून खाल्ली आणि परत आलो.